सरासरी, पैसेवारी आणि पंचनामा : यवतमाळ जिल्ह्यातील पीकहानीचे मोजमाप व हवामानबदल

प्रस्तावना

हवामानबदलाचा विचार आपल्याकडे बहुधा दोन टोकांनी होतो. एका टोकाला राष्ट्रांच्या परिषदा, त्यांतील करार आणि उत्सर्जनाची उद्दिष्टे असतात. दुसऱ्या टोकाला शेतकऱ्याच्या वाट्याला आलेले दुःख असते. या दोहोंच्या मध्ये तलाठी, कृषी सहायक, मंडळ अधिकारी, विमा कंपनीचा प्रतिनिधी आणि जिल्हाधिकारी कार्यालय अशी एक मोठी यंत्रणा उभी आहे. पाऊस कमी पडला की जास्त पडला, पीक गेले की राहिले, गेले असल्यास किती गेले, हे ही यंत्रणा ठरविते. तिने ठरविल्याशिवाय शासनाच्या लेखी हानी झालेलीच नसते. असे असूनही या मोजमापाच्या पद्धतींकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही.

प्रस्तुत लेखात यवतमाळ जिल्ह्याच्या आधारे या मोजमापाचा विचार केला आहे. पीकहानी मोजण्याची आपली बहुतेक मापे सरासरीवर उभी आहेत, आणि ज्या हवामानात ती तयार झाली ते हवामान आता तसे राहिलेले नाही. परिणामी हानी वाढत असताना ती कागदावर कमी दिसण्याची शक्यता निर्माण होते, असे लेखाचे प्रतिपादन आहे. हाच प्रश्न अधिक मोठ्या प्रमाणावर राष्ट्राराष्ट्रांमध्येही उभा आहे. त्याचा परामर्श लेखाच्या उत्तरार्धात घेतला आहे.

यवतमाळचा पाऊस आणि जमीन

यवतमाळ हा १६ तालुक्यांचा आणि सुमारे साडेतेरा हजार चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा जिल्हा. पूर्वी वऱ्हाडातील हा जिल्हा ‘वणी’ (इंग्रजी दप्तरात ‘वून’) या नावाने ओळखला जात असे. १९०५ मध्ये त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. उत्तर व पूर्व सीमेवर वर्धा, दक्षिणेस पैनगंगा आणि मधल्या भागात बेंबळा, अडाण, अरुणावती, पूस, वाघाडी या नद्या आहेत. वार्षिक सरासरी पर्जन्यमान ९०० ते ९५० मिलिमीटरच्या आसपास आहे. सोलापूर वा अहिल्यानगरच्या अवर्षणप्रवण तालुक्यांशी तुलना केल्यास हा पाऊस भरपूरच म्हणावा लागेल. केवळ सरासरी पाहणाऱ्यास या जिल्ह्यात संकट का यावे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

त्याचे एक उत्तर जमिनीत आहे. नद्यांच्या काठची खोल काळी जमीन आणि पठारावरची हलकी, मुरमाड, बरड जमीन या एकाच जिल्ह्यात, पुष्कळदा एकाच गावच्या शिवारात आढळतात. पावसाने तीन आठवड्यांचा खंड दिला तर खोल काळ्या जमिनीतील पऱ्हाटी तग धरते, बरडावरची मान टाकते. उलट आठ दिवसांची झड लागली तर बरडावरचे पाणी वाहून जाते आणि काळ्या जमिनीत वाफसा येत नाही. ती चिबडते आणि पीक पिवळे पडते. म्हणजे एकाच पावसाने एकाच गावात एकाचे पीक तरते आणि दुसऱ्याचे जाते. पर्जन्यमापकाला हा फरक दिसण्याचे कारण नाही.

दुसरे उत्तर पावसाच्या वाटणीत आहे. बी. एन. गोस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मध्य भारतातील १९५१ ते २००० या काळातील पावसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. अतिमुसळधार पावसाच्या घटना वाढल्या, मध्यम पावसाच्या घटना घटल्या आणि या दोहोंनी एकमेकींना झाकून टाकल्यामुळे हंगामी सरासरीत लक्षणीय बदल दिसला नाही, असे त्यांस आढळले. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. कोरडवाहू शेतीला हवा असतो तो मध्यम, अंतराअंतराने येणारा, जमिनीत मुरणारा पाऊस, आणि नेमका तोच घटतो आहे. सरासरी मात्र जागच्या जागी आहे.

खुद्द ‘सर्वसाधारण’ पाऊस ही देखील स्थिर वस्तू नव्हे. भारतीय हवामान विभागाने २०२२ मध्ये १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांच्या आधारे देशाच्या नैर्ऋत्य मोसमी पावसाची नवी सरासरी ८७ सेंटिमीटर अशी निश्चित केली. त्याआधीची, १९६१ ते २०१० या कालखंडावरील सरासरी ८८ सेंटिमीटर होती. एक सेंटिमीटर ही क्षुल्लक बाब वाटेल. शास्त्रीय दृष्ट्या अशी फेरनिश्चिती योग्यच आहे. परंतु ज्या मापाने तूट मोजावयाची ते मापच हवामानाबरोबर सरकत जाते, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

पैसेवारी

महसुली दप्तरात पीकपरिस्थिती मोजण्याचे जुने माप म्हणजे आणेवारी, दशमान नाणेपद्धतीनंतर पैसेवारी. पूर्ण पिकास रुपया मानून प्रत्यक्ष पीक किती आणे वा किती पैसे आले, असा हा हिशेब आहे. गावपातळीवरील समिती निवडक शेतांत पीक कापणी प्रयोग करते, आलेल्या उत्पन्नाची मागील दहा वर्षांच्या सरासरी उत्पन्नाशी तुलना होते आणि गावाची पैसेवारी निघते. खरिपाची हंगामी पैसेवारी सप्टेंबरअखेर, सुधारित पैसेवारी ऑक्टोबरअखेर आणि विदर्भात अंतिम पैसेवारी ३१ डिसेंबरला जाहीर होण्याची पद्धत आहे. ५० पैशांच्या आत पैसेवारी आलेल्या गावांस जमीन महसुलात सूट, कर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपांच्या वीजबिलात सवलत आदी लाभ मिळत आले. महाविद्यालयीन प्राध्यापकांस पैसेवारीचा परिचय बहुधा परीक्षा शुल्काच्या माफीमुळे असतो. कोणत्या गावचे विद्यार्थी यादीत बसतात आणि शेजारच्या गावचे का बसत नाहीत, या प्रश्नाला कार्यालयात दरवर्षी तोंड द्यावे लागते.

या पद्धतीचा उगम जमीन महसूल वसुलीत आहे. शेतसारा किती वसूल करता येईल, हे ठरविण्याचे ते साधन होते. शेतकऱ्याचे नुकसान किती झाले हा तिचा मूळ प्रश्नच नव्हे, आणि तिच्यातील पुष्कळशा उणिवांचे मूळ येथे आहे. उदाहरणार्थ, जूनमध्ये पेरलेले बियाणे पावसाच्या खंडाने करपले आणि जुलैत दुबार पेरणी करावी लागली, तरी डिसेंबरात पीक बऱ्यापैकी आले तर पैसेवारी ६० पैसे निघते. दोनदा घेतलेले बियाणे, खत, मजुरी आणि त्यासाठी काढलेले कर्ज यांस त्या आकड्यात स्थान नाही. कापसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. काढणीच्या वेळी पावसाने भिजलेला कापूस वजनात भरतो, पण बाजारात कवडीच्या भावाने जातो. वजनावर चालणाऱ्या मापाला ही घट दिसत नाही.

केंद्र शासनाने डिसेंबर २०१६ मध्ये दुष्काळ व्यवस्थापनाची सुधारित संहिता काढली आणि दुष्काळ जाहीर करण्याच्या निर्णयातून पैसेवारीचे प्रमुख स्थान गेले. पावसाची तूट व खंड ही पहिली कळ, त्यानंतर पेरणीचे क्षेत्र, उपग्रहाद्वारे दिसणारी पिकांची हिरवाई, जमिनीतील ओलावा, जलसाठे व भूजल हे निर्देशांक आणि अखेरीस दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पडताळणी, असा क्रम आला. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तो या नव्या पद्धतीने. यवतमाळातील काही तालुके त्यात होते, काही नव्हते. नवी पद्धत अधिक वस्तुनिष्ठ आहे यात शंका नाही. नजरअंदाजाला आणि स्थानिक दबावाला तिने आळा घातला. पण तुलनेचा पाया येथेही सरासरीच आहे, आणि निर्णयाचे एकक तालुका झाल्यामुळे गाव आणखी दूर गेले.

‘झड’ आणि शासननिर्णय

विदर्भात ‘झड’ हा शब्द लहान मुलासही ठाऊक असतो. सूर्यदर्शन न होता दिवसचे दिवस चालणारा रिमझिम पाऊस म्हणजे झड. झडीत पऱ्हाटीची वाढ अवास्तव होते, पाते आणि बोंडे गळतात, मुळे कुजतात, तण आवरत नाही, फवारणी करता येत नाही. परंतु शासनाच्या व्याख्येनुसार महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तरच ती अतिवृष्टी. रोज १५–२० मिलिमीटर याप्रमाणे पंधरा दिवस पाऊस पडला आणि पीक हातचे गेले, तरी नियमाप्रमाणे आपत्ती घडलेली नसे. शेतकऱ्याच्या भाषेत ज्या संकटाला पिढ्यान्‌पिढ्या नाव होते, त्याला शासकीय भाषेत नाव नव्हते.

हे नाव २०२३ मध्ये मिळाले. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये ‘सततचा पाऊस’ ही राज्य आपत्ती म्हणून घोषित करण्याचा निर्णय घेतला. सलग पाच दिवस दररोज किमान १० मिलिमीटर पाऊस, मागील दहा वर्षांच्या सरासरीशी तुलना आणि उपग्रहाच्या वनस्पती निर्देशांकातील फरक, अशा कसोट्या त्यास लावण्यात आल्या. निर्णय स्वागतार्ह आहे. व्याख्या बदलली की आपत्तींची संख्या बदलते, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

मात्र वनस्पती निर्देशांकाची कसोटी कापसाला कितपत लागू पडते, याविषयी साशंक राहावे लागते. हा निर्देशांक पानांची हिरवाई मोजतो. झडीनंतरची पऱ्हाटी पुष्कळदा अधिक उंच, अधिक पानाळ आणि अधिक हिरवी दिसते, फक्त तिच्यावर बोंडे नसतात. शिवाय नुकसानीच्या नेमक्या दिवसांत आकाश ढगांनी झाकलेले असते, ही प्रकाशीय उपग्रहांची अडचण आहेच. केनियातील मार्साबित भागात २०१० पासून अशाच निर्देशांकाच्या आधारे पशुपालकांसाठी विमा सुरू झाला. तेथे गवताची हिरवाई आणि जनावराचे जगणे यांचा संबंध बराच सरळ आहे. गवत हेच तेथले पीक. तरीही निर्देशांक आणि प्रत्यक्ष हानी यांत पडणारे अंतर हा तेथील अभ्यासकांच्या चिंतेचा विषय राहिला. कापसात पाने वेगळी आणि पीक वेगळे. तेथे हे अंतर अधिक असणार हे उघड आहे.

२२ जुलै २०२३ रोजी जिल्ह्यात झालेल्या पावसाची गोष्ट मात्र वेगळी होती. त्याला अतिवृष्टी म्हणण्यास कोणत्याही व्याख्येची अडचण आली नाही. यवतमाळ शहरात पुराचे पाणी शिरले आणि महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यावर अडकलेल्या सुमारे ४५ लोकांच्या सुटकेसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. असे प्रसंग दिसतात, छायाचित्रित होतात आणि त्यांचे पंचनामेही होतात. ३३ टक्क्यांहून अधिक पीकहानी झाल्यास मदत, असा निकष २०१५ पासून आहे (पूर्वी तो ५० टक्के होता). खंड, झड, दुबार पेरणी यांसारख्या संथ हानीला मात्र असे दृश्यरूप नसते.

विम्याचे उंबरठा उत्पादन

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून लागू झाली. तिचा पाया ‘क्षेत्र’ हा आहे. कापसासारख्या पिकासाठी महसूल मंडळ हे एकक धरले जाते. मंडळात ठरावीक संख्येने पीक कापणी प्रयोग होतात, त्यांची सरासरी ‘उंबरठा उत्पादना’पेक्षा कमी आली तर मंडळातील सर्व विमाधारकांस सारख्याच प्रमाणात भरपाई मिळते, अन्यथा कोणासही नाही. उंबरठा उत्पादन काढण्यासाठी मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेऊन तिला जोखीमस्तराने गुणले जाते. महाराष्ट्रात हा स्तर ७० टक्के ठेवण्यात आला.

ही रचना काय करते, ते काल्पनिक आकड्यांच्या उदाहरणाने पाहू. एका मंडळात सात वर्षांचे हेक्टरी उत्पादन क्विंटलमध्ये १२, ११, १०, ६, ९, ५ आणि ८ असे आहे. चांगल्या पाच वर्षांची सरासरी १० येते आणि उंबरठा ७ क्विंटल ठरतो. पुढच्या वर्षी उत्पादन ६ क्विंटल आले तर तूट एक क्विंटलची, म्हणजे विमा संरक्षित रकमेच्या सुमारे १४ टक्के भरपाई. आता काही वर्षांनंतरची स्थिती पाहू. हवामान बिघडत गेले आणि त्याच मंडळातील पुढील सात वर्षांचे उत्पादन ९, ८, ७, ६, ५, ८ आणि ४ असे झाले. चांगल्या पाचांची सरासरी ७.६ आणि उंबरठा सुमारे ५.३ क्विंटल. त्यानंतर पुन्हा ६ क्विंटल पीक आले तर भरपाई शून्य. जमीन तीच, शेतकरी तोच, पीकही तेवढेच. मधल्या वाईट वर्षांनी त्याची अपेक्षाच खाली ओढली.

विमाशास्त्राच्या दृष्टीने यात गैर काही नाही. विमा हा अनपेक्षित घटनेचा असतो, आणि वारंवार घडणारी घटना अपेक्षित होते. पण हवामानबदलाचा अर्थच मुळी पूर्वी अनपेक्षित असलेल्या गोष्टी वारंवार घडणे असा आहे. दहा वर्षांच्या सरासरीवर चालणाऱ्या पैसेवारीलाही हाच दोष कमीअधिक लागू पडतो. या दोषावरील उपाय म्हणून उंबरठा उत्पादनाला काही काळ तळ बांधून देणे, अर्थात ते एका मर्यादेखाली न जाऊ देणे, शक्य आहे. त्याने हप्त्याची रक्कम वाढेल. ती कोणी भरावयाची हा प्रश्न मग उरतोच.

महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपात शेतकऱ्यास केवळ एक रुपया भरावयास लावून उर्वरित हप्ता शासनाने उचलला. २०२५ च्या खरिपापासून ही सवलत बंद झाली आणि स्थानिक आपत्ती, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती, काढणीपश्चात नुकसान, पेरणीच न होणे या बाबींवरील स्वतंत्र भरपाई वगळून योजना मुख्यतः पीक कापणी प्रयोगांवर आणली गेली. बोगस अर्ज आणि गैरप्रकार हे त्यामागील कारण सांगितले गेले, आणि ते निराधार नव्हते. तथापि परिणाम असा झाला की संथ आणि स्थानिक हानी टिपणारी जी काही साधने होती ती गेली आणि मंडळाची सरासरी तेवढी उरली.

सरासरीच्या बाहेरची माणसे

२०१७ च्या हंगामाने मोजमापाची आणखी एक मर्यादा उघड केली. त्या वर्षी जिल्ह्यात पाऊस तुटीचा होता. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी पुरविणारी निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणे आटली, तिचे मूळ या तुटीत होते. त्याच हंगामात कापसावर किडींचा मोठा प्रादुर्भाव झाला. गुलाबी बोंडअळीला दाद न देणारे म्हणून घेतलेले बीटी बियाणे तिच्यापुढे निष्प्रभ ठरले. डोक्याएवढ्या उंच वाढलेल्या पऱ्हाटीत, दमट उष्म्यात, संरक्षक साधनांविना, अनेक औषधांची मिश्रणे करून फवारणी झाली. जिल्ह्यात शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिकांचा मृत्यू झाला. शासनाने विशेष तपास पथक नेमले. यवतमाळच्या काही पीडित कुटुंबांनी पुढे २०२० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये दाद मागितली.

येथे मुद्दा असा की, फवारणी करणाऱ्यांत मजूर मोठ्या संख्येने होते. पिकाची हानी मोजणारी प्रत्येक पद्धत सातबाऱ्यापासून सुरू होते. मजुराचा सातबारा नसतो. ठोक्याने वा बटईने जमीन कसणाऱ्याचे नाव पीकपाहणीत बहुधा नसते. झरी जामणी, केळापूर, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांतील कोलाम समाजाच्या पुष्कळ कुटुंबांची वहिवाट वनजमिनीवर असून २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा मान्य होईपर्यंत ती कागदावर येत नाही. नवरा गेल्यानंतर शेती सांभाळणाऱ्या स्त्रीचे नाव फेरफाराअभावी वर्षानुवर्षे चढत नाही. आत्महत्याग्रस्त कुटुंबांच्या मदतीतील ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हा भेदही जमिनीचे नाव आणि कर्जाची नोंद यांवरच उभा आहे. या कुटुंबांचे नुकसान सरासरीत बुडते असेही म्हणता येत नाही, कारण ते सरासरीत धरलेलेच नसते.

मागेल त्याला काम

मोजमापाच्या या अडचणीवर महाराष्ट्रानेच एकेकाळी एक निराळा मार्ग काढला होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७२ मध्ये राज्यभर सुरू झाली. त्या वेळी मुख्यमंत्रिपदी याच जिल्ह्यातील, पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक होते. १९७२–७३ च्या दुष्काळात दुष्काळी कामांनी लाखो लोकांना जगविले. पुढे १९७७ मध्ये योजनेचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. केंद्राने २००५ साली केलेल्या देशव्यापी कायद्याची प्रेरणा येथूनच आली.

या योजनेत हानी मोजावी लागत नसे. जो कामाची मागणी करील तो गरजू, हीच तिची कसोटी. पाऊस किती पडला, पैसेवारी किती, सातबारा कोणाचा, हे प्रश्न मजुराला विचारण्याचे कारण नव्हते. कामावर येणाऱ्या माणसांची संख्या हेच संकटाचे माप होते, आणि ते डिसेंबरची वाट न पाहता त्याच आठवड्यात कळत असे.

दुसरी गोष्ट पैशाची. १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कराचा कायदा केला तो प्रामुख्याने या योजनेच्या खर्चासाठी. आपल्या वेतनपत्रकातून दरमहा कापली जाणारी आणि वर्षाकाठी अडीच हजारांवर न जाणारी ही रक्कम कशासाठी सुरू झाली, याचे स्मरण प्राध्यापकवर्गात फारसे उरलेले नाही. नियमित वेतन घेणाऱ्या, बहुतांशी शहरी माणसाने पावसावर जगणाऱ्या ग्रामीण माणसाच्या जोखमीतील वाटा उचलावा, असा तो सामाजिक करार होता.

या योजनेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. खोट्या हजेरीपटांच्या, रखडलेल्या मजुरीच्या आणि अर्धवट कामांच्या तक्रारी तिच्यामागे कायम राहिल्या. पाच एकरांतील कापूस गमावलेल्या शेतकऱ्याचे कर्ज खडी फोडून फिटत नाही. तिने भागविला तो पोटाचा प्रश्न. भांडवलाचा प्रश्न तिच्या आवाक्याबाहेरचा होता, आणि २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी जाहीर केलेल्या ३,७५० कोटी रुपयांच्या पॅकेजने तो हाताळण्याचा प्रयत्न केला. त्यातील सिंचनाचा भाग दीर्घ मुदतीचा होता. व्याजमाफीचा भाग बँकेच्या खातेदारापुरता राहिला, सावकाराच्या दारी गेलेल्यास त्याचा उपयोग नव्हता.

वणीचा काटा

यवतमाळ जिल्हा हवामानबदलाची केवळ झळ सोसतो, असे नाही. जिल्ह्याच्या पूर्वेकडील वणी तालुक्यात वर्धा खोऱ्यातील कोळसा आहे. राजूर, उकणी, घोन्सा, कोलारपिंपरी या खाणी वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कागदपत्रांत परिचित आहेत. येथला कोळसा वीजकेंद्रांत जळतो आणि त्या विजेवर राज्याचे कारखाने व शहरे चालतात. म्हणजे उत्सर्जनाचा आरंभ आणि त्याचा परिणाम यांची दोन्ही टोके एकाच जिल्ह्यात, काही ठिकाणी तर एकाच कुटुंबात सापडतात. एक भाऊ खाणीत आणि दुसरा कोरडवाहू शेतीत, हे चित्र वणी परिसरात दुर्मीळ नाही.

मोजमापाच्या दृष्टीने येथे एक विसंगती जाणवते. खाणीतून निघणारा प्रत्येक ट्रक काट्यावर चढतो. कोळशाचे वजन होते, प्रतवारी ठरते, स्वामित्वधन आकारले जाते आणि त्याच्या ठरावीक प्रमाणात २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे निधीही जमा होतो. शेजारच्या तालुक्यातील कापूसहानी मात्र अनेक गावांच्या मंडळातील मोजक्या प्रयोगांवरून अनुमानिली जाते. राज्यात २०१७ पासून दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसली, हे खरे. परंतु मंडळात एक केंद्र आणि पावसाचा ढग मात्र एका शिवारावर बरसून जाणारा, अशी अवस्था असते.

राष्ट्रांचा पंचनामा

आंतरराष्ट्रीय पातळीवरील वादही याच दोन प्रश्नांभोवती फिरतो. हानी कोणी, कशी मोजावयाची आणि तिचा भार कोणी उचलावयाचा. १९९१ मध्ये, हवामान कराराच्या वाटाघाटी चालू असताना, प्रशांत महासागरातील वानुआतू या देशाने लहान बेटांच्या वतीने समुद्रपातळी वाढीच्या हानीसाठी विमा निधीची मागणी केली. श्रीमंत राष्ट्रांनी त्यात वाटा घालावा, अशी ती कल्पना होती. १९९२ च्या रिओ करारात ‘समान परंतु भिन्न जबाबदारी’चे तत्त्व आले, निधी आला नाही. २०१५ च्या पॅरिस करारात हानी व नुकसानीस स्वतंत्र कलम मिळाले, पण त्यासोबतच्या ठरावात या कलमावरून दायित्व वा भरपाई मागता येणार नाही असेही नोंदविण्यात आले. २०२२ मध्ये शर्म अल-शेखला निधीस मान्यता मिळाली, २०२३ मध्ये दुबईत तो कार्यान्वित करण्याचे ठरले. मागणीपासून येथवर बत्तीस वर्षे गेली. २३ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेल्या सल्लागारी मतात हवामानाचे संरक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य असून त्याच्या भंगाबद्दल भरपाईही देय होऊ शकते, असे म्हटले आहे. हा प्रश्न न्यायालयापुढे नेण्याच्या प्रयत्नांतही वानुआतू अग्रभागी होता.

या चर्चेत भारताची भूमिका दुहेरी आहे. ऐतिहासिक उत्सर्जनात आपला वाटा अल्प, म्हणून आपण न्याय मागणाऱ्यांच्या बाजूस. एकूण चालू उत्सर्जनात आपला क्रमांक वरचा, म्हणून आपल्याकडे बोट दाखविले जाते. येथेही वाद सरासरीचाच आहे. दरडोई मोजावे की देशाचे एकत्रित मोजावे, हे ठरले की उत्तरही ठरते. भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले, आणि २०२५ च्या मध्यापर्यंत स्थापित वीजक्षमतेचा निम्मा हिस्सा बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला. ही प्रगती मोठी आहे. पण देशाच्या दरडोई सरासरीत वणीच्या कोळशावर चालणाऱ्या वीजेचा शहरी ग्राहक आणि झरी जामणीतील कोलाम पाड्यावरचा रहिवासी एकाच आकड्यात बसतात. जगापुढे जो न्याय आपण दरडोई मापाने मागतो, तो देशांतर्गत मोजमापात कितपत पाळतो, हे अभ्यासकांनी विचारावयास हवे. १९७५ चा व्यवसाय कर हा त्या प्रश्नाला या राज्याने दिलेला एक जुना प्रतिसाद आहे. राष्ट्रे त्याच प्रश्नावर आजही वाटाघाटी करीत आहेत.

स्थानिक नोंदींचे स्थान

जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या हाती या संदर्भात एक काम आहे. ते खर्चिक नाही. शासकीय आकडे मंडळाच्या स्तरावर थांबतात, आपले विद्यार्थी मात्र गावागावांतून येतात. भूगोल, वनस्पतिशास्त्र वा अर्थशास्त्र विभागांनी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या दत्तक गावांपासून आरंभ करून, काही साध्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवता येतील : पहिली पेरणी कोणत्या तारखेस झाली, दुबार पेरणी किती शेतांत करावी लागली, पावसाचा सर्वांत मोठा खंड किती दिवसांचा होता, झड केव्हा लागली आणि त्या वेळी पऱ्हाटी पात्यावर होती की बोंडावर, पहिल्या वेचणीचा भाव काय मिळाला, जमीन हलकी की भारी. कसणारा आणि सातबाऱ्यावरचा मालक एकच आहे का, ही नोंदही हवी.

अशा नोंदींस कायदेशीर वजन नाही, आणि ते मिळेल अशी अपेक्षा धरणेही योग्य होणार नाही. पण पीक कापणी प्रयोगाच्या वेळी शेतकऱ्यांस आणि ग्रामस्तरीय प्रतिनिधींस उपस्थित राहता येते, आणि मंडळाच्या आकड्यास आक्षेप घ्यावयाचा तर हाती काही लिहिलेले असावे लागते. पंचनाम्याची मुदत थोड्या दिवसांची असते. दुबार पेरणीची तारीख डिसेंबरात कोणालाच नीट आठवत नाही.